नंबरांची फाईल

कॉम्प्युटर अडला की आमच्या ऑफिसात प्रत्येकाचा हात आधी बटणाकडे जायचा. तेवढ्यात बाय खुर्ची मागे ढकलून उठायची आणि बटणावर तळहात ठेवायची. "बंद करू नकात. आदी सोदूया."

तिचं खरं नाव फक्त पगारपत्रकात होतं. गोव्यात डिचोलीकडे घरच्या मुलीला म्हणतात तसं सगळे तिला बायच म्हणत. तुमच्याही ऑफिसात अशी एखादी असेल. काही हरवलं की आधी तिला हाक जाते, आणि सापडलं नाही तर दोषही.

आमचं ऑफिस सुर्ल्याजवळचं, ट्रकमालकांच्या समितीचं. खनिजाची पुढची फेरी कोणत्या ट्रकला, तो क्रम बायच्या फाईलीत असायचा. मी तो रोज वजनकाट्याच्या पावत्यांशी ताडून पाहायचो. खाणी बंद होत्या तेव्हा ट्रकांवर वेली चढलेल्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. त्यामुळे आता एक फेरी हुकली तरी माणसं अंगावर यायची.

एका सकाळी स्क्रीन कोरी उघडली. आदल्या दिवशी बंद करताना कॉम्प्युटरने अपडेट घेतलं होतं, आणि आता फाईल नाही, फोल्डरही नाही. बाहेर ट्रक लागलेले. मी आठवेल तसा क्रम टाईप करायला बसलो.

"दादा, हें घर आपलें न्हय," बाय म्हणाली. "भाड्याचें. बंद केलें की मालक सामान भायर उडयतलो."

तिचं बरोबर होतं. कॉम्प्युटर तात्पुरत्या खात्यात उघडला होता. तिथे ठेवलेलं सगळं बंद करताच पुसलं जातं. आमचं जुनं खातं आत कुठेतरी शाबूत असेल, एवढीच आशा.

ती शोधू लागली. स्क्रीनवरची कचऱ्याची टोपली पाहिली, फाईलचं नाव टाकून पाहिलं. खिडकीत माणसं जमली. त्यातला एक गजांना धरून हसला. "काय गो बाय, भावाचो ट्रक पयलो लावूंक फायल गिळ्ळी मगे?"

तिच्या धाकट्या भावाचा ट्रक रांगेत होता. तिने मान वर न करता पुढचा फोल्डर उघडला.

शेवटी सी ड्राइव्हमध्ये सगळ्या खात्यांचा कप्पा तिने उघडला. आमच्या जुन्या खात्याच्या डेस्कटॉपवर फाईल होती. शेवटची दुरुस्ती काल संध्याकाळची. तिने आधी ती पेनड्राइव्हवर उतरवून घेतली, मग उघडली.

पहिला नंबर तिच्या भावाचा होता.

मी पावत्या काढून ओळ न् ओळ ताडून पाहिली. क्रम अचूक होता. तसं मी खिडकीत जाऊन सांगितलं, बदलाची तारीखही दाखवली. "तारीख बदलूंक किदें लागता?" मागून कोणीतरी म्हणालं. कोणीतरी दाराला लाथ मारली.

भाऊ गर्दीतून वाट काढत खिडकीशी आला. घामाने भिजला होता. "बाय, माझो फाटीं घाल. आयचो दीस." आजच्यापुरता त्याला मागचा नंबर हवा होता.

"आज तुजो घालीन. फाल्यां कोणाचो घालूं?"

मग ती दारात उभी राहिली आणि तिने यादी वाचली. पहिला नंबर वाचताना आवाज फाटला, म्हणून तिने तो पुन्हा, मोठ्याने वाचला.

भावाचा ट्रक फाटकातून बाहेर पडला तेव्हा त्याच्या मागच्या काचेवर दगड बसला. कोणाचा, ते कळलं नाही. त्याला लागलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाय आली नाही. साखळी गावात कुठल्याशा दुकानात बिलं करते, असं ऐकतो. समितीने माझ्यासमोर कधी तिचं नाव काढलं नाही.

यादी आता मी वाचतो. तिचा भाऊ अजून रांगेत येतो. त्याचा नंबर पहिला असला, की दारात उभं राहण्याआधी मी एकदा गर्दीतल्या हातांकडे बघून घेतो.