त्याची पोळी, माझी भाकरी

"गहू बंद. कायमचा," डॉक्टर म्हणाले, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले.

खरं सांगायचं तर मी कॅन्सरची तयारी करून गेले होते. वडवणीहून संभाजीनगरला जाताना बसमध्ये बसल्या बसल्या मनातल्या मनात सगळी निरवानिरव उरकली होती. आणि हा माणूस मला पोळी खाऊ नका म्हणतो! मी चिडलेच. म्हटलं, "डॉक्टर, अख्खं जग पोळी खातं."

ते शांतपणे म्हणाले, "जगाला चालते. तुमच्या पोटात गहू गेला की तुमचं शरीर तुमच्याच आतड्यावर तुटून पडतं."

मग त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. आतड्याला आतून बारीक लव असते, तिच्यातून अन्न रक्तात जातं. माझी ती लव झडून आतडं सपाट झालं होतं. दुर्बीण घालून काढलेल्या तुकड्यात ते स्पष्ट दिसलं होतं. म्हणजे मी इतकी वर्षं जेवत होते आणि त्यातलं अंगाला फारसं काही लागतच नव्हतं. या दुखण्याचं नाव सिलिअ‍ॅक. गव्हात आणि जवात ग्लुटेन नावाचा चिकट पदार्थ असतो, त्याचा हा सगळा प्रताप. औषध नाही. न खाणं हेच औषध.

त्याआधी मी काय काय नाही केलं! रक्त वाढावं म्हणून गोळ्या, इंजेक्शनं, बीट, खजूर, जंताचं औषध. तोंड सतत आलेलं, पोट डब्ब, हाडं ठणकायची आणि वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता बाहेर पळायची वेळ यायची. शाळेतल्या एका बाई म्हणायच्या, मी गहू सोडला, किती हलकं वाटतं, तुम्हीही सोडा. मी ऐकलं नाही ते बरं झालं. गहू आधीच सोडला असता तर तपासणीत काही सापडलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. काहींना गव्हाची अ‍ॅलर्जी असते, काहींना आतडं शाबूत असूनही गव्हाचा त्रास होतो. ती दुखणी वेगळी, माझं वेगळं. आणि माझं रक्तातून येतं. आईची, बहीणभावांची तपासणी करून घ्या, म्हणाले.

बहीण मला नाही. भाऊ होता, तो गेला. तेवढं सांगून मी बाहेर पडले.

पोळीशी माझं जुनं भांडण आहे, ते सांगितल्याशिवाय माझा संताप कळायचा नाही. आमचं रान कोरडवाहू. घरात ज्वारी, बाजरी. गहू यायचा तो सणासुदीला, वडवणीच्या बाजारातून. पण माझ्या पाठीवर भाऊ झाला आणि त्याच्यासाठी गहू बारा महिने यायला लागला. तो पहिल्यापासून किरकिरा, पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय काड्या. सगळे म्हणायचे, मुडदूस झालाय, पोराला ताकदीचं घाला. मग त्याला तुपातला शिरा, गव्हाचं सत्त्व, दुधात कुस्करलेली पोळी. मला भाकरी. मी पोरगी. पोरीला कशाला पोळी लागते? चार वर्षांचा होऊन तो गेला. तो गेल्याचं दुःख मला झालंच, पण ती भाकरी काही मी विसरले नाही. नोकरी लागली आणि पहिल्या पगाराला मी गव्हाचं पोतं आणलं. आईला सांगितलं, आजपासून या घरात दोन्ही वेळा पोळी. माझं दुखणं त्यानंतर कधीतरी सुरू झालं. हे गणित मी आत्ता, हे लिहिताना पहिल्यांदाच मांडतेय.

घरी येऊन बघते तर गहू कुठे नाही! शेवया, कुरडया, बिस्किटं, टोस्ट, सत्यनारायणाचा प्रसाद. हे सगळं समजू शकते मी. पण हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचली आणि परत परत वाचली. हिंगात गव्हाचं पीठ! म्हणजे ज्या वरणावर आजारपणं काढली, त्या वरणातसुद्धा. गिरणीवाल्याला सांगून बघितलं, माझी ज्वारी गव्हावर टाकू नका. तो हसला. मग आम्ही घरीच दळायचं ठरवलं, छोटी चक्की घेतली. आई सगळं मुकाट्यानं करत होती. तिचीही तपासणी झाली, तिला काही निघालं नाही. ती पोळी खायची, मी भाकरी. लहानपणीचंच ताट परत समोर आलं होतं.

दोनतीन महिन्यांत मी माणसात आले. जिना चढताना धाप लागेना. वजन वाढलं. आणि मग भर उन्हाळ्यात परत पोट बिघडलं, परत तोंड आलं. मी हादरले. भाकरीशिवाय मी काही खातच नव्हते. आता ज्वारीही चालत नसेल तर खायचं काय? जगायचं कशावर?

एका सकाळी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. आई भाकरीचं पीठ मळत होती. शेजारी तिच्या पोळीच्या कणकेचा डबा उघडा होता. तिनं त्यातली मूठभर कणीक सहज उचलली आणि ज्वारीच्या पिठात टाकली.

"आई! काय केलंस हे?"

"कावून वरडायलीस? उन्हाळ्याचं पीठ हाय, इरी गेली त्याची. थापताना चिरतीया भाकर. मूठभर कणीक टाकली की कशी चिवट व्हती."

आमच्याकडे सगळ्याच बायका असं करतात. पिठाला चिकटपणा राहिला नाही की वर मूठभर कणीक. तिच्या हाताला ती सवय इतकी जुनी की आपण गहू घालतोय हे तिच्या ध्यानातच येत नव्हतं. ते सगळं मला आत्ता कळतं. तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी परात ढकलून दिली. म्हटलं, "विष आहे ते मला, विष! कितीदा सांगायचं? मूठभर काय, चिमूटभर पुरतं! त्यानंच आतडं झडतं, पोट फुगतं, हातापायाच्या काड्या होतात!"

आई पिठानं भरलेले हात तसेच धरून बसून राहिली. मला वाटलं, तिला माझं लागलं. मग तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "पोट फुगतंय? काड्या व्हत्यात?"

काय बोलून गेले ते मला तेव्हा कळलं.

"मूठभरानं तुला एवढं झालं," ती म्हणाली. "मग त्याला तर मी वाट्या वाट्या भरीवलं, बाई. त्यो तोंड फिरवायचा. मी मांडीत आवळून, नाक दाबून भरवायचे. तुझ्या ताटातली भाकर वढायचा ग त्यो. मी हातातून काढून घ्यायचे. म्हणायचे, ही तुझी न्हाई, राजा, तू पोळी खा."

मी म्हटलं, "आई, तसंच असेल असं काही नाही. आता कुणालाच सांगता यायचं नाही." हे खरंच होतं, डॉक्टरांनाही मी नंतर विचारलं. पण आईनं ते ऐकलं की नाही, कोण जाणे. ती उठली, हात धुतले, कणकेचा डबा उचलून शेजारणीला देऊन आली. मग कढत पाण्यात ज्वारीचं पीठ उकडून, मळून माझ्यासाठी भाकरी केल्या. एकही चिरली नाही.

दरवर्षी पितृपक्षात आई त्याच्या नावानं छोटीशी पुरणपोळी करून पानावर ठेवते, वर तुपाची धार. यंदा तिनं पुरण घातलंच नाही. तळहाताएवढी भाकरी थापली, दुधात कुस्करली आणि पान अंगणात ठेवलं.

"खा रं राजा," ती म्हणाली. "आता कुणी काढून घ्यायचं न्हाई."