सव्वादोन सेकंद उशीर

नागेश उपळेकर आणि मी एकाच वर्षी जर्मनीत आलो, एकाच कंपनीच्या बोलावण्यावरून. मी स्टुटगार्टलाच राहिलो, तो पुढे लिंडेनाखला गेला. रेल्वेने पाऊण तासावरचं गाव. तिथे गाड्यांचे ब्रेक तपासणारी एक कंपनी आहे आणि ‘डाक्से’ नावाचा आइस हॉकीचा संघ आहे. डाक्से म्हणजे बिज्जू, बिळात राहणारा प्राणी. संघ व्यावसायिक, पण दुसऱ्या दर्जाच्या लीगमधला. गावाला मात्र त्याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही.

नागेश मूळचा इचलकरंजीचा. वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. तो लहानपणापासून घाबरट. हे मी म्हणत नाही, तोच म्हणतो. गाडी सुटायच्या अर्धा तास आधी फलाटावर. घर सोडताना गॅस तीनदा बघणार. परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाताना प्रत्येक कागदाच्या चार प्रती. कामावर मात्र या स्वभावाचा फायदाच झाला. ब्रेक लागायला सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका जरी उशीर झाला, तरी तो सुटू द्यायचा नाही. वरिष्ठ नवीन पोरांना सांगायचे, अहवाल उपळेकरांकडून बघून घ्या.

त्याची मुलगी शमिका अकरा वर्षांची असताना स्केटिंग शिकायला जायची. हा थंड बाकावर बसून तिच्या प्रत्येक फेरीची वेळ घड्याळावर मोजून वहीत लिहायचा. ते फ्राऊ हेबर्लेंनी पाहिलं. शाळेच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या या बाई तीस वर्षं डाक्सेच्या सामन्यांत नोंदणीचं टेबल सांभाळत होत्या. गुण, शिक्षा, वेळ, सगळं त्या टेबलावर. सगळे स्वयंसेवक. मोबदला म्हणजे एक गरम सॉसेज आणि मैदानाला लागून खुर्ची. “मला घड्याळावर असाच माणूस हवाय,” त्या म्हणाल्या. नागेशने परीक्षा दिली आणि घड्याळाच्या बटणावर बसला.

काम सोपं वाटतं. पंच काळी रबरी चकती, म्हणजे पक, बर्फावर टाकतो. त्याच क्षणी बटण दाबायचं, घड्याळ सुरू. शिट्टी झाली की पुन्हा दाबायचं, घड्याळ बंद. टेबलावरच्या माणसाने टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, उभं राहायचं नाही. सहा वर्षं नागेशने हे केलं. मुक्ता, त्याची बायको, मला एकदा म्हणाली होती, “तिथे बसले ना की यांचे खांदे खाली येतात. एरवी चोवीस तास कानाला लागलेले असतात.”

हा हंगाम सुरुवातीपासून वाईट चालला होता. लीगमध्ये चौदा संघ. पहिले दहा पुढे प्ले-ऑफला, म्हणजे बाद फेरीला, जातात. उरलेल्या चौघांना आपापसात खेळून ठरवावं लागतं, की खालच्या लीगमध्ये कोण ढकललं जाणार. डाक्से नवव्या आणि बाराव्या जागेमध्ये वरखाली होत होते.

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी, दुपारचा सामना. डाक्से तीन-दोनने पुढे. शेवटचे तीन पूर्णांक आठ सेकंद उरलेले. समोरच्यांनी गोलकीपर काढून सहावा खेळाडू आत आणला होता, आणि पक डाक्सेच्या गोलजवळ पडणार होती. सतरा नंबरचा कप्तान वाकून उभा. नागेशचा अंगठा बटणावर होता. पंचाचा हात उघडला, पक पडली, आणि ती कप्तानाला मिळते की नाही हे दिसेना म्हणून नागेश खुर्चीतून किंचित उठला.

एवढंच. पक समोरच्यांकडे गेली, एकाने दुसऱ्याला दिली, तेव्हा नागेशच्या लक्षात आलं की फलकावरचे आकडे हललेलेच नाहीत. त्याने बटण दाबलं. दोन सेकंदांनी जाळीमागचा लाल दिवा लागला. बरोबरी. फलकावर एक पूर्णांक सहा सेकंद शिल्लक होते.

पंच टेबलाशी आला आणि काचेतल्या फटीतून त्याने विचारलं, वेळ बरोबर आहे ना? तसं विचारण्याची पद्धतच असते. फ्राऊ हेबर्ले मान खाली घालून गोलची नोंद करत होत्या.

“हो,” नागेश म्हणाला.

पंच गेला. जादा वेळेत कप्तानाने गोल मारला, डाक्से जिंकले, सगळं स्टेडियम गात बाहेर पडलं. जादा वेळेतल्या विजयाला तीनऐवजी दोन गुण मिळतात. एक गुण गेला याची कुणाला फिकीर नव्हती.

नागेश गाडीत बसला आणि बराच वेळ किल्लीच फिरवेना. दुसऱ्या दिवशी घरूनच काम होतं. मुक्ता किटात, म्हणजे तिच्या बालवाडीत, कामाला गेल्यावर त्याने क्लबच्या पानावरचा व्हिडिओ उघडला आणि एकेक फ्रेम मोजली. छप्पन्न. सेकंदाला पंचवीस, म्हणजे सव्वादोन सेकंद. बटण वेळेवर दाबलं असतं तर तो गोल होण्याआधीच भोंगा वाजला असता. त्याने पुन्हा मोजलं. मग ब्राउझरमधली नोंद पुसून टाकली, लॅपटॉप मिटला आणि हात धुऊन आला.

त्या दिवसापासून तो जो घाबरला, तो मार्चपर्यंत. नोव्हेंबरमध्ये त्याने नागरिकत्वाचा अर्ज भरला होता. त्याला वाटू लागलं, पंचाला खोटं सांगितलं हे बाहेर आलं तर कागदावर येईल, आणि कागदावर आलं तर संपलं. असं काही होत नसतं, हे त्याला कळत होतं. तरी पोस्टमनची सायकल थांबली की तो खिडकीशी जाऊन पडद्याआडून बघायचा. शेजारचा ऊवे तीस वर्षं सीझनचं तिकीट काढणारा. तो जिन्यात भेटला आणि “नागेश, यंदा काही खरं नाही रे” असं नुसतं म्हणाला, तरी हा दोन पायऱ्या चुकायचा. टेबलावर आता तो बटणावर दोन्ही अंगठे ठेवून बसायचा. सामना संपला की बोटं सरळ होत नसत.

सगळ्यात वाईट होतं गुणतक्ता बघणं. संघ एका गुणाने मागे राहिला तर ते आपल्यामुळे, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून संघाने धडाधड जिंकावं, नाहीतर सरळ सगळे सामने हरावेत, असं त्याला वाटू लागलं. फेब्रुवारीत डाक्से लागोपाठ तीन सामने हरले तेव्हा त्याला बरं वाटलं. आणि आपल्याला बरं वाटलं, याचीच त्याला पुढचे चार दिवस भीती वाटत राहिली.

मार्चच्या पहिल्या रविवारी शेवटचा साखळी सामना होता. नागेशनेच मला बोलावलं होतं. का, ते तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, त्याला ओळखीचं कुणीतरी जवळ हवं होतं. डाक्से चार-एकने जिंकले. पण भोंगा वाजल्यावर कुणी ओरडलं नाही. सगळे फोनमध्ये बघत होते. दहाव्या जागेवरचा संघही तिकडे जिंकला होता. दोघांचे गुण सारखे, गोलच्या फरकाने डाक्से अकरावे. एक गुण जास्त असता तर पुढे गेले असते. कप्तान बर्फावर गुडघ्यांवर बसला. मी टेबलाकडे पाहिलं. नागेश घड्याळाच्या खोक्यावर आवरण घालत होता, आणि ते त्याला घालता येत नव्हतं.

मंगळवारी एका प्रेक्षकाने समर्थकांच्या फोरमवर जानेवारीतला तो तुकडा टाकला. खाली सेकंद मोजणारी पट्टी. “इथे पक पडली. इथे घड्याळ चालू झालं. आमचा गुण इथे गेला.” संध्याकाळपर्यंत हजारो लोकांनी तो पाहिला. नागेशचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. नोंदीच्या कागदावर सही असते ती टेबलप्रमुखाची. त्यामुळे सगळे फ्राऊ हेबर्लेंच्या मागे लागले. म्हातारीला दिसत नाही. तिला अजून तिथे बसवतं कोण. एकाने त्यांच्या घराचा रस्ताही लिहिला होता.

नागेशने स्वयंपाकघराचं दार लावून मुक्ताला सगळं सांगितलं. ती ओट्याला टेकून ऐकत राहिली.

“आत्ता कुणाला काही बोलू नका,” ती म्हणाली. “अहो, अर्ज अडकलाय तिकडे. आपण परके. आज त्या बाईंना बोलतायत, उद्या विसरतील. तुमचं नाव आलं तर विसरणार नाहीत.”

“त्यांच्या घराचा रस्ता लिहिलाय, मुक्ता.”

“आपलाही लिहितील.”

तो दाराकडे वळला. दार उघडलं तर बाहेर शमिका उभी. सतरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, बोलते जर्मन. “डास मुस्ट डू इअर झागन, बाबा,” ती म्हणाली. हे तुला त्यांना सांगायलाच हवं. मुक्ता तिच्यावर चिडली, पण नागेशला तिने अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नागेश फ्राऊ हेबर्लेंकडे गेला. बेल वाजवून तो लगेच दोन पावलं मागे सरला. त्याने मला सांगितलं, त्यांनी दार उघडलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटत होतं. त्यांनी उघडलं. खिडकीत त्या टोमॅटोची रोपं छोट्या कुंड्यांत लावत होत्या. फोन उपडा ठेवला होता.

“लीगमधून विचारणा आलीय,” त्या म्हणाल्या. “मी लिहून टाकणार आहे की टेबल माझं, जबाबदारी माझी. तसंही वय झालंच आहे.”

“बटण माझ्या हातात होतं,” नागेश म्हणाला. “मला उशीर झाला. मी उठलो होतो.”

“ते दिसतंच आहे. कुणालाही होईल उशीर.”

“मला तेव्हाच कळलं होतं. पंचाने विचारलं तेव्हा. मी ‘हो’ म्हणालो.”

बाईंचा हात थांबला. सहा वर्षांत त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही. “मी तुझ्या शेजारी बसले होते,” त्या म्हणाल्या. “हाताच्या अंतरावर. नुसतं माझ्याकडे बघितलं असतंस तरी मी पंचाला थांबवलं असतं. पुढची पक पडायच्या आधी व्हिडिओ बघून वेळ दुरुस्त करता येते. एकदा ती पडली की नाही येत. हे तुला मीच शिकवलंय.”

“मी घाबरलो.”

“कशाला?”

कचेरी, अर्ज, ऊवे, इचलकरंजीतल्या शाळेतले छडी घेऊन फिरणारे मास्तर, सगळं एकदम आठवलं आणि जर्मनमध्ये एक वाक्य जुळेना. मग बाई हात पुसून उठल्या आणि लॅपटॉप घेऊन आल्या. “बस. लिहू या. नाव तुझं जाईल. मी ते झाकणार नाही.”

त्यांनी दोन तास बसून ते पत्र लिहिलं. नागेशचा शब्द चुकला की बाई दुरुस्त करत, पण मजकूर बदलत नसत. पाठवायचं बटण त्यालाच दाबायला लावलं.

निकालाला काहीच फरक पडला नाही. लीगने नागेशला पुढच्या हंगामापर्यंत टेबलावर बसायला बंदी घातली. क्लबने त्याचं नाव घालून चार ओळी प्रसिद्ध केल्या. त्या सकाळी तो कामावर गेला नाही. पडदे ओढून बसला. शमिकाने शाळेतून फोनवर एकेक अभिप्राय वाचला. दोनशेच्या वर होते. काही घाणेरडे होते, याला परत पाठवा वगैरे. ते तिने त्याला सांगितले नाहीत, मला सांगितले. बहुतेक लोक मात्र प्रशिक्षकालाच शिव्या घालत होते. फ्राऊ हेबर्लेंबद्दल लिहिणं बंद झालं. ऊवे दहा दिवस बोलला नाही. अकराव्या दिवशी कचऱ्याचे डबे बाहेर काढताना त्याने नागेशचाही डबा ओढून नेला. बोलला तेव्हाही नाही.

खालच्या लीगमध्ये ढकलले जाऊ नये म्हणून खेळायचे सामने सुरू झाले होते. चौथ्याला शमिका बापाला जवळजवळ ओढतच घेऊन गेली. टेबल नाही, खुर्ची नाही. उभ्याने बघायच्या पायऱ्यांवर, स्कार्फवाल्या गर्दीत. नागेशने टोपी भुवयांपर्यंत ओढली होती. दुसऱ्या सत्रात शेजारच्या दांडग्या माणसाने त्याच्याकडे दोनदा वळून पाहिलं.

“तू घड्याळवाला?”

नागेशला पळावंसं वाटलं. मागे माणसं, पुढे लोखंडी कठडा. “हो,” तो म्हणाला.

“आपण अकरावे आलो, त्या रात्री माझा पोरगा रडला,” तो माणूस म्हणाला. मग पुन्हा बर्फाकडे वळला. सामना संपेपर्यंत तो तिथेच उभा होता, नागेशच्या खांद्याला खांदा लावून, कारण हलायला जागाच नव्हती. डाक्से जिंकले आणि लीगमध्ये टिकले. सगळे ओरडले. सहा वर्षांनी नागेशला ओरडायची मुभा होती. शमिकाच ओरडत होती, त्याचा हात धरून.

नागरिकत्व मिळाल्याचं पत्र जूनमध्ये आलं. त्यात हॉकीचा उल्लेख असण्याचं काही कारण नव्हतं, तरी त्याने ते शेवटपर्यंत दोनदा वाचलं.

ऑगस्टमध्ये फ्राऊ हेबर्लेंचा फोन आला. घड्याळावर नवीन मुलगी घेतलीय, त्या म्हणाल्या. पण शिक्षा झालेले खेळाडू ज्या बाकावर बसतात, त्याच्या दारावर माणूस हवाय. दोन मिनिटं भरली की दार उघडायचं. येशील का?

तो गेला. पहिल्या सामन्यानंतर मी फोन करून विचारलं, कसं वाटलं.

“दीड तास आधीच जाऊन बसलो होतो,” तो म्हणाला. “आणि दार जड आहे. दोन हातांनी ओढावं लागतं.”