सीटखालची रिकामी जागा

नोकरीच्या पहिल्या दिवशी मला एक ओली चिंधी, एक पेट्रोलमध्ये बुडवलेली चिंधी आणि वीस लेबलं मिळाली.

"घास," साहेब म्हणाले.

"किती?"

"हात भरून येईपर्यंत. एखादं अक्षर फिकं झालं तर मला दाखव."

पनवेलच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात आम्ही हेलिकॉप्टरच्या सीटांची कव्हरं शिवायचो. नव्वदीच्या दशकाची मधली वर्षं होती. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर कामगारांना ने-आण करणारी हेलिकॉप्टरं मुंबईहून उडायची. त्यांच्या सीटा परदेशी बनावटीच्या. कापड झिजलं की त्या टेम्पोतून आमच्याकडे यायच्या आणि नवे कपडे घालून परत जायच्या. त्यांच्यावरच्या सूचना मुळात फक्त इंग्रजीत असत. इथे त्या हिंदीतही लागत, म्हणून लेबलंही आम्हीच छापून घ्यायचो. छापून आलेल्या प्रत्येक गठ्ठ्यातली काही लेबलं घासून बघायची, नोंद करायची आणि मग शिवायला द्यायची, हे माझं काम. बारावीनंतर टायपिंग शिकलेल्या मुलीला पनवेलमध्ये यापेक्षा विचित्र काम मिळालं नसतं.

वडील एसटी डेपोत मेकॅनिक होते. त्यांनी संध्याकाळी विचारलं, "काय काम देतात?"

"अक्षरं पुसली जातात का ते बघते."

ते यावर हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "आणि पुसली गेली तर?"

"सगळा गठ्ठा परत."

"बरोबर आहे," म्हणाले आणि जेवायला बसले.

साहेब म्हणजे गाळ्याचे मालक. आधी मुंबईत विमानांच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी बरीच वर्षं कापड बेतलं होतं. अजूनही कात्री ते दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. शिवायला चौघी होत्या, पण जाड कामाच्या मशिनवर एकच, मावशी. त्या उरणकडच्या खाडीकाठच्या गावातून रोज एसटीने यायच्या. आधी डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेऊन बाजारात बसायच्या, मग पळस्प्याला ट्रकच्या ताडपत्र्या शिवायला लागल्या आणि तिथून साहेबांनी त्यांना आणलं. चार इयत्ता शिकलेल्या. इंग्रजी येत नव्हतं, पण हिंदीची अक्षरं मराठीसारखीच, म्हणून लेबल शिवताना त्या ते एकेक अक्षर लावून वाचायच्या.

एका दुपारी त्यांनी मशिनचा पाय वर उचलला आणि मला हाक मारली.

"ह्ये बघ गो. सीट के नीचे कोई सामान न रखें. म्हंजे सीटखाली काय ठेवायचं नाय. का?"

"माहीत नाही, मावशी."

"तू घासतेस ना रोज?"

"घासते. पण का लिहिलंय ते कुठे सांगतात."

"एसटीत पाटी सीटखाली ढकलून मी जल्म काढला. मंग ह्यांनी ठेवायचं कुठं? मांडीवर?"

महिनाभर शेकड्याने ती ओळ मी घासली होती, आणि हा प्रश्न मला पडला नव्हता. याची मला लाज वाटली. मी साहेबांना विचारलं. ते सीटा बनवणाऱ्या परदेशी कंपनीच्या ड्रॉइंगवरून मान वर न करता म्हणाले, "लिहिलंय तसं शिवायचं. कारण ड्रॉइंगवर नसतं."

मग आम्हीच कारणं शोधायला लागलो. वडिलांचं म्हणणं, खालून वायरी जात असतील. मावशींना वाटायचं, पळायची वेळ आली तर सामान पायात येत असेल. त्या वर्षांत बसमध्ये, गाडीत जिकडेतिकडे सूचना असायच्या की सीटखाली बेवारस वस्तू दिसली तर हात लावू नका. मला वाटलं, हे तसलंच काहीतरी. जेवणाच्या सुट्टीत आम्ही एका सीटखाली वाकून बघितलंसुद्धा. वायरी नव्हत्या. धातूचे पाय, त्यांच्यामध्ये वळवलेल्या दोन पट्ट्या आणि खाली मोकळी जागा. एवढी चांगली जागा रिकामी ठेवायची, हे काही पटेना.

पुढच्या खेपेला सहा सीटा आल्या. सहाही कव्हरं साहेबांनी एकाच मापाने बेतली होती. पाठीमागचं कापड खाली ओढून पायांजवळच्या आडव्या नळीला बटणांनी अडकवायचं असे. पाच सीटांवर ते ताणून बसलं. सहावीवर त्याला झोळ आला.

साहेब माझ्यावर चिडले. "माप लिहून घेताना लक्ष कुठे होतं?"

"माप एकच आहे, साहेब."

"मग कापड वाढलं का आपोआप?"

मावशींनी तोपर्यंत टेप काढला होता. त्यांनी आधी पाचव्या सीटची जमिनीपासूनची उंची मोजली, मग सहावीची. "कापड नाय वाढलं," त्या म्हणाल्या. "सीटच खाली गेलीय. चार बोटं."

साहेब गुडघ्यावर बसले. त्यांनी स्वतः दोनदा मोजलं. मीही वाकले. बाकीच्या सीटांखाली ज्या पट्ट्या मोठ्या वळणाच्या होत्या, त्या इथे आत गोळा झाल्या होत्या. मला नवल वाटलं ते हे की दोन्ही बाजूंच्या पट्ट्या अगदी सारख्या वाकल्या होत्या. डेपोत वडिलांबरोबर मी आदळलेल्या गाड्या बघितल्या होत्या. आदळलेली वस्तू अशी दोन्हीकडून मापात वाकत नाही.

साहेबांनी फोन लावला. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरवाल्यांचे तपासनीस आले. उंच, पिकल्या मिशांचे, विमानदलातून निवृत्त झालेले गृहस्थ. ते हिंदीच बोलायचे. एरवी ते आले की टॉर्च लावून एकेक टाका बघायचे आणि चहा न घेता जायचे. या वेळी ते थेट त्या सीटपाशी गेले आणि तिच्या पायांवरून हात फिरवू लागले.

"हिची लाल चिठ्ठी कुठे आहे?"

लाल चिठ्ठी कुणीच बघितली नव्हती. जी सीट पुन्हा वापरायची नाही, तिला लाल चिठ्ठी बांधतात, हे तेव्हा कळलं. ती टेम्पोत कुठेतरी सुटून पडली असणार. चिठ्ठीवाचून ही सीट बाकी पाचांमध्ये मिसळली आणि आमच्याकडे नवं कव्हर चढवायला आली. कापडाला झोळ आला नसता तर बहुधा ती तशीच परत गेली असती. तपासनिसांनी ती सीट बाकीच्यांपासून वेगळी सरकवली. मग साहेबांना म्हणाले, "बरं झालं फोन केलात."

साहेबांनी मावशींकडे बोट दाखवलं. "मोजलं यांनी."

माझ्याने राहवलं नाही. मी विचारलं, "सर, ही मोडली कशी? दोन्हीकडे सारखी?"

माझ्या प्रश्नावर त्यांनी पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघितलं. "मोडली म्हणू नका. हे काम तिने एकदाच करायचं असतं, ते करून आलीय." मग त्यांनी चांगली सीट शेजारी ओढली. हेलिकॉप्टर जोरात खाली आदळलं की सगळा दणका खालून वर, थेट बसलेल्या माणसाच्या कण्यात जातो, त्यांनी सांगितलं. म्हणून या पट्ट्या अशा केल्यात की त्या हळूहळू वाकतात आणि सीट माणसाला घेऊन खाली जाते. तेवढ्या वेळात दणका मवाळ होतो. "पण खाली जायला जागा तर हवी ना?"

मावशींच्या सुया-बॉबिनांचा पत्र्याचा डबा शेजारी पडला होता. तपासनिसांनी तो उचलून सीटखाली सरकवला. डब्याचं झाकण आणि सीट यांच्यामध्ये दोन बोटं अंतर राहिलं.

"आता ही किती खाली जाईल?"

"दोन बोटं," मी म्हटलं.

"आणि बाकीचा दणका?"

मावशींनी वाकून आपला डबा बाहेर काढला.

"ह्यात कोन बसलेला?" त्यांनी वाकलेल्या सीटकडे बोट दाखवून विचारलं.

"एक वेल्डर. आपल्या पायांनी उतरला. दोन महिने पाठ धरून घरी होता. आता परत जायला लागलाय."

तपासनीस सीट बरोबर घेऊन गेले. मला त्या दिवशी घरी कधी पोचते आणि वडिलांना हे सगळं सांगते असं झालं होतं. सांगितल्यावर त्यांनी जेवता जेवता ताटाशेजारी तांब्या ठेवून, त्यावर हात दाबून बघितला. "म्हणजे वायरी नव्हत्या," ते म्हणाले. रात्रभर त्यांच्या डोक्यात तेच असावं, कारण सकाळी निघताना त्यांनी विचारलं, "एसटीच्या सीटला असं करता येईल का, असं त्यांना विचारशील?" विचारायचं माझ्याकडून राहिलं.

दोन दिवसांनी मावशींनी मला मशिनपाशी बोलावलं.

"माझा जावई जातो ना त्यात."

मला हे ठाऊक नव्हतं. जावई प्लॅटफॉर्मवर स्वयंपाकघरात कामाला होता, चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी. "त्याला इचारलं, पिशवी कुठं ठेवतोस. तर बोलला, टाचेनं मागं सारतो, सीटखाली. कोन काय बोलत नाय."

"आणि लेबल?"

"लेबल कुठं असतंय, ते मलाच इचारतो."

आम्ही ड्रॉइंग काढून बघितलं. लेबल सीटच्या पाठीवर मागच्या बाजूला, खालच्या अंगाला होतं. म्हणजे मागच्या रांगेतल्या माणसाला ते समोर दिसणार. जावई पहिल्या रांगेत बसायचा. त्याच्यासमोर नुसती भिंत.

मावशींनी मला एका सीटवर बसवलं आणि माझी डब्याची पिशवी हातात दिली. "आता ठेव सीटखाली. जशी एसटीत ठेवतेस तशी."

मी पाय फाकवून पुढे वाकले.

"थांब. डोळे कुठं हायत तुझे?"

माझे डोळे सीटच्या पुढच्या काठावर, दोन गुडघ्यांच्या मधोमध होते. मावशींनी तिथे खडूने फुली मारली. "इथं पायजे."

साहेबांना ते पटलं, पण ते घाबरले. लेबल तिथे लावणं आमच्या हातात नव्हतं. ड्रॉइंगमध्ये नसलेला एक टाकाही घालायचा नाही, हा त्यांचा नियम होता आणि त्यामागे कारणही होतं. "उद्या त्या टाक्यांवरून कापड फाटलं तर? कुणी ठरवलं विचारतील. काय सांगू, आमच्या मावशींनी ठरवलं?" मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, "लिहून विचारायला मात्र बंदी नाही."

सीटा बनवणाऱ्या कंपनीच्या नावे पत्र मी लिहिलं. शब्दकोश घेऊन, चार वेळा खाडाखोड करून, इंग्रजीत. सोबत पेन्सिलीने सीट काढली, वाकलेला माणूस काढला आणि फुली दाखवली. माणूस नीट जमला नाही, त्याला कंबरच नव्हती. तपासनिसांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि पुढे पाठवतो म्हणाले.

उत्तर यायला बरेच आठवडे गेले. एक ओळ होती. सध्याची जागा आवश्यकतेनुसार आहे, बदलाची गरज नाही. मी ती मावशींना मराठीत सांगितली.

"म्हंजे आपलं चुकलं?"

"चुकलं असं नाही. त्यांचं आहे ते नियमात बसतंय."

"जावयाला दिसलं नाय त्याचं काय?" त्यांनी विचारलं. मग मशिन चालू करता करता म्हणाल्या, "लिवणारा कधी बसलाय का गो त्यात?"

मी स्वतः तरी कुठे बसले होते? ज्या वस्तूवर दिवसभर हात फिरवायचा, ती हवेत कशी दिसते हे मला आजही पाहिल्यासारखं सांगता येणार नाही. जावयाने मात्र पिशवी सामानात द्यायला सुरुवात केली. शेजारच्यांनाही सांगायला लागला. काहीजण ऐकायचे, काहीजण म्हणायचे, कुठे लिहिलंय दाखव.

पुढच्या वर्षी होळीच्या सुमारास नवी ड्रॉइंगं आली. साहेबांनी कागद उलगडला आणि मला बोलावलं. पाठीवरच्या लेबलाचा बाण होता तिथेच होता. दुसरा एक बाण सीटच्या पुढच्या काठाकडे गेला होता.

"आपल्या पत्रामुळे?" मी विचारलं.

"विचारू नकोस. विचारलंस तर पुन्हा तपासायला घेतील."

तपासनीस आले तेव्हा मी त्यांना विचारलंच. ते पहिल्यांदा आमच्याकडे चहा प्यायले. "असं पत्र तुम्ही एकट्यांनीच लिहिलं असेल असं नाही," ते म्हणाले. "मला खरंच माहीत नाही, बेटा." दुसऱ्या कुठल्या देशात, दुसऱ्या कुठल्या गाळ्यात आणखी कुणी असंच पिशवी घेऊन वाकून बघितलं असेल का, हा विचार त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या डोक्यात होता.

मावशींना वेगळीच अडचण होती. नवी जागा त्यांच्या फुलीच्या दोन बोटं डावीकडे होती.

"मधे सोडून बाजूला का दिली?"

साहेब म्हणणार होते की कारण ड्रॉइंगवर नसतं, ते त्यांच्या तोंडावर दिसलं. पण त्यांनी ड्रॉइंग मावशींपुढे सरकवलं. मावशी उठल्या, सीटवर बसल्या आणि पट्टा बांधून घट्ट ओढला. पट्ट्याचं उरलेलं टोक दोन मांड्यांमधून खाली लोंबलं, ते नेमकं मधोमध. त्यांनी वाकून बघितलं, टोक हाताने बाजूला केलं, पुन्हा सोडलं.

"मधे दिलं असतं तर ह्येच्याखाली झाकलं असतं," त्या म्हणाल्या. "ज्यानं ठरवलं तो बसलेला हाय ह्यात."

त्यांनी पट्टा सोडला, मशिनला नवी सुई लावली आणि माझ्याकडे लेबलांसाठी हात पुढे केला.