ठमाबाईने न दाखवलेला झरा

तुमच्या दारात एक अनोळखी माणूस आला, हातात वही, गळ्यात ओळखपत्र, आणि त्याने विचारलं, "घरात सोनं कुठे ठेवता?" तर तुम्ही काय सांगाल? कपाटाच्या वरच्या खणात, चावी देवघरात, असं सांगाल? नाही ना? "कसलं आलंय सोनं" म्हणाल आणि चहा पाजून त्याला वाटेला लावाल. मग ठमाबाईला खोटारडी म्हणायचा हक्क तुम्हाला नाही. मी म्हटलं होतं. भर मांडवात, माईक हातात धरून म्हटलं होतं. म्हणून आज हे लिहायला बसलोय.

ठमाबाई भागोजी गाणेकर. वय अडुसष्ट. गाव नांदेकोंड. बोर्ली पंचतनहून माझ्या मिनीडोर रिक्षाने चाळीस मिनिटं, रस्ता धड असता तर वीस. घरं पन्नासच्या आत, त्यातली निम्मी कुलपात, कारण माणसं मुंबईला. गावाच्या डोक्यावर सडा. सडा म्हणजे डोंगराचं सपाट माथं, मैलभर नुसता जांभ्याचा कातळ. त्या कातळाच्या पोटात बॉक्साइट आहे. तुमच्या खिडकीची अॅल्युमिनियमची चौकट असल्याच दगडातून निघते. शेजारच्या गावाचा सडा कंपनीने आधीच सोलून काढलाय. तिथे आंब्याच्या मोहोरावर लाल धूळ बसते आणि पावसात पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, चहाच्या रंगाचं पाणी येतं. आता पाळी आमची.

आमच्या सड्याच्या उगवतीच्या कडेला, करवंदीच्या जाळीत, एक झरा आहे. फार मोठं चित्र डोळ्यांसमोर आणू नका. एक माणूस मांडी घालून बसेल एवढी खळगी. पण खालच्या विहिरी मार्चमध्ये तळ दाखवतात, सरकारी नळयोजनेची फक्त तोटी पोचलीय, पाणी यायचंय. आणि एप्रिल-मेचे दोन महिने अख्खं नांदेकोंड त्या खळगीवर जगतं. आटलेली कुणी पाहिली नाही.

तिथे साती आसरा राहतात, असं गाव मानतं. पाण्याच्या सात देवता. त्यांचे नियम कडक. खळगीत कुठलंच भांडं बुडवायचं नाही, करवंटीने पाणी काढून हंड्यात ओतायचं. पायात वहाण नको. आणि सगळ्यात मोठा नियम, परक्याला हे पाणी दाखवायचं नाही, त्याच्यापुढे त्याचं नावही काढायचं नाही. काढलं की आसरा उठून जातात आणि पाणी त्यांच्यामागून.

ठमाबाई पंधराव्या वर्षी सून म्हणून आली. दुसऱ्याच वैशाखात सासूने तिच्या हातात करवंटी दिली. वैशाखातल्या एका मंगळवारी झऱ्याचा गाळ काढायचा, काठावर दहीभात आणि हिरव्या बांगड्या ठेवायच्या, आणि खाली उतरेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. हे काम घराण्याकडे. सासू गेली, नवरा भागोजी मुंबईच्या गोदीत राबून राबून गेला, हिने एक वैशाख चुकवला नाही. मुलगा शिवदासच्या वेळेला सातवा महिना होता, तेव्हाही चढून गेली.

एवढंच तिचं मोठेपण. बाकी सगळ्यांसारखीच. नाचणी लावते, कोकमं सुकवते, रोज सकाळी शेजारणीच्या कोंबड्यांना शिव्या घालते. हां, एक गोष्ट वेगळी. सही. साक्षरतेच्या वर्गात ती पूर्ण नाव लिहायला शिकली, आणि तेव्हापासून अंगठ्याचा शब्द काढला की तिचा पारा चढतो.

तीन वर्षांपूर्वी, चैत्रात, सगळं गाव बोर्लीला लग्नाला गेलं होतं. गुडघा धरला म्हणून ही घरी. दोन पोरं आली, टोप्या, बॅगा, मोजायचं यंत्र. हिने कोकम सरबत दिलं. एकाने विचारलं, "आजी, वर सड्यावर पाणी आहे का कुठे?"

"वर? वर काय हाय बाबा, नुसता कातळ. माकडं पन जात न्हाईत."

"उन्हाळ्यात पण नाही?"

"उन्हाळ्यात तर पाय ठेववत न्हाय."

पोराने कागद पुढे केला. "अंगठा चालेल, आजी."

"अंगठा कशाला? आन ते पेन."

आणि जोडाक्षर चुकू न देता, सावकाश, बाईने पूर्ण नाव लिहिलं. ठमाबाई भागोजी गाणेकर.

तो कागद तीन वर्षं कुठे होता ते मला माहीत नाही. मला तो सापडला नाही, आणि ही माझी लाज आहे. मी दहावी नापास. कायदा मी मिनीडोरच्या स्टँडवर बसून शिकलो, झेरॉक्सवर झेरॉक्स वाचत. खाणीची जनसुनावणी लागली तेव्हा मी चाळीस मुद्द्यांची हरकत तयार केली होती. धूळ, सुरुंग, डंपर, मोहोर, शाळेच्या भिंतीचे तडे. एका वकिलाने वाचून विचारलं होतं, "कुणी लिहून दिलं?" मी म्हटलं, "हर्षदने. म्हणजे मी." छाती एवढी फुगली होती.

सुनावणीला माळावर मांडव. पंखे, खुर्च्या, वडापाव, आणि पाण्याच्या सीलबंद बाटल्यांची चळत. ज्या गावाचं पाणी काढून घ्यायला आलात त्या गावाला बाटल्या वाटता! मी एकाला तसं तोंडावर म्हटलं, तर तो म्हणतो, "भाऊ, थंड आहे, घ्या ना."

मग अध्यक्ष साहेबांनी कंपनीचा अहवाल वाचायला लावला. "प्रस्तावित क्षेत्रात बारमाही जलस्रोत आढळला नाही. स्थानिक रहिवासी श्रीमती ठमाबाई भागोजी गाणेकर यांनी तसे लेखी दिले आहे."

सगळा मांडव मागे वळला. ती चौथ्या रांगेत, पदर सावरून बसलेली. माझं डोकं सटकलं. मी माईक ओढला. "काकी, तू लिहून दिलंस? पाणी नाही म्हणून? तू? खोटारडे! अख्ख्या गावाचं नरडं कापलंस!"

अजून बरंच बोललो. इथे लिहीत नाही.

ती उठली. माईक नको म्हणाली, आवाज होताच तिला. "झालं तुझं बोलून? आता तू सांग. तुझं ते चाळीस मुद्दं. त्यात झरा कितव्या नंबरला हाय रं?"

मी कागद चाळले. कशाला चाळत होतो देव जाणे, मलाच माहीत होतं. एकाही नंबरला नव्हता. मी दगडावरची धूळ लिहिली, शाळेची भिंत लिहिली, पाणी नाही लिहिलं. कारण लहानपणी आईने थोबाडीत मारून शिकवलं होतं की परक्यापुढे त्याचं नाव काढायचं नाही. चाळीस वेळा पेन उचललं आणि चाळीस वेळा आपोआप त्याला वळसा घातला. मांडवात बसलेल्या एकाही माणसाने, ग्रामसभेच्या एकाही ठरावात, तो झरा लिहिला नव्हता. तिने एका कागदावर केलं ते आम्ही सगळ्यांनी प्रत्येक कागदावर केलं होतं.

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे वर पाणी आहे?"

मागून नीराबाईचा आवाज आला, ही ठमाबाईची जाऊ. "ठमे, गप बस. बोललीस तर याद राख."

ठमाबाई उभीच. माझ्याकडे बघेना, जावेकडे बघेना. तिच्या समजुतीने दोन्हीकडे मरणच होतं. सांगू नये तर सुरुंग लागणार, सांगावं तर आसरा उठणार. पन्नास वर्षं जे जपलं ते एक तर मशीनने जाणार, नाही तर तिच्या तोंडाने.

"हाय," ती म्हणाली. "सायब, तवा मी खोटं बोलले. पानी हाय."

"दाखवाल?"

"पायातलं काढाल?"

लोक हसले. साहेबही हसले. आठवड्याने पाहणी ठरली.

तो आठवडा तिला घरचं खाणं गोड लागलं नसेल. नीराबाईने बोलणं टाकलं. गावकीच्या बैठकीत म्हाताऱ्यांनी विषय काढला, हिला वाळीत टाकायची का. मी तिथे ओरडलो की आता वाळीत टाकणं गुन्हा आहे, एकेकाला आत घालीन. ते म्हणाले, "तू आधी मांडवात काय बोललास ते आठव." घरात शिवदास. तो शेजारच्या खाणीवर डंपर चालवतो. "आये, तुझ्या आसरा मला पगार देतात काय? खाण हितं आली तर घरून डबा नेईन."

"आनि डब्यातला भात कशात शिजवू? डिझेलात?"

शिवदास चावी उचलून ड्युटीला गेला. पण पाहणीच्या दिवशी रजा टाकून तो आईच्या मागे चालत होता, हे मी पाहिलं.

मंगळवार होता, ऊन भाजत होतं. जाळीच्या अलीकडे ठमाबाई थांबली आणि साहेबांच्या बुटांकडे नुसती बघत राहिली. त्यांनी काढले. कंपनीच्या माणसानेही काढले. तापलेल्या जांभ्यावर दोघं असे नाचत गेले की एरवी मी पोट धरून हसलो असतो.

खळगीत पाणी होतं. स्वच्छ, तळाची वाळू दिसेल असं. कंपनीचा माणूस बाटली घेऊन वाकला तशी हिने त्याचं मनगट धरलं. "हितं बाटली न्हाय बुडवायची."

"आजी, नमुना सीलबंद बाटलीतच लागतो."

"मग बाटली वर धर." तिने करवंटीने काढून त्याच्या बाटलीत ओतलं. अर्धं बाहेर सांडलं.

साहेबांनी फोटो काढले, जागेची नोंद घेतली. मला वाटलं, जिंकलो. खाली आल्यावर साहेब सावलीत बसून, तळपाय चोळत, अगदी सभ्यपणे म्हणाले, "आज पाणी आहे, हे मी लिहीन. पण ते बारमाही आहे कशावरून? यंदा पाऊस लांबला होता. ही हंगामी ओल आहे, असं कंपनी म्हणणार. आधीच्या वर्षांचा काही पुरावा? फोटो, नोंद, कुठल्या मे महिन्यातली?"

पुरावा! ज्या पाण्याचं नाव काढायचं नाही त्याचा फोटो कोण काढेल? टँकरसाठी आम्ही अर्ज केले, त्यांतही "गावात पाण्याचा कुठलाही स्रोत नाही" असंच लिहिलंय, आमच्याच सरपंचाच्या शिक्क्याने. कंपनीने तेही अर्ज काढून दाखवले. आमच्या विरुद्ध आमचेच कागद, हा एवढा गठ्ठा.

"लोकांची लेखी निवेदनं चालतील," साहेब म्हणाले. "वर्ष, महिना, सही. महिनाअखेरपर्यंत."

मी घरोघर फिरलो. काय सांगू! ज्या घरात त्या पाण्याचा हंडा भरलेला, त्याच घरात बाई म्हणते, "आमी न्हाय लिहिनार बाबा. तिनं दाखवलं, तिचं ती बघेल." नीराबाईने तर दार लावून घेतलं. डोकं आपटावंसं वाटतं. पण ओरडलो नाही. एकदा ओरडून काय झालं ते बघितलंय.

ठमाबाई आता रोज सकाळी चढते. गुडघ्याला फडकं बांधून, शंभर ठिकाणी बसत. पाणी आहे का बघायला. माझा देवाबिवावर विश्वास नाही, पण ती खाली येईपर्यंत मी मिनीडोर सुरू करत नाही. परवा ती उतरली, पायरीवर टेकली. मी विचारलं, "आहे?"

"आज हाय." मग म्हणाली, "हर्षद, माझ्याजवळ राखायला एकच गोष्ट व्हती, ती मी चव्हाट्यावर ठेवली. माझ्याकडं दुसरं काय न्हाय. आता तुझं कागद काय करतात ते कर."

आतापर्यंत चार कागद आलेत. पहिला थळहून, राहीचा. राही आमच्या गावची लेक, तिकडे दिली. पेन्सिलीने लिहिलंय, "माझ्या हळदीच्या आदल्या दिवशी, मे महिन्यात, मी आणि माझ्या बहिणीने सड्यावरून हंडे भरून आणले. पाणी खळगीच्या काठापर्यंत होतं. लग्नाचं वर्ष १९९८." खाली सही, आणि त्याखाली, "हे सांगितल्याबद्दल आसरा माझ्यावर कोपल्या तर कोपू देत." हा कागद मी साहेबांच्या टेबलावर ठेवला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला. म्हणजे चालतो. म्हणजे असे अजून हवेत.

म्हणून हे तुमच्यासाठी. नांदेकोंडच्या लेकींनो, किहीमला, पनवेलला, विरारला जिथे दिल्या असाल तिथे. आणि मे महिन्यात आंबे खायला येणाऱ्या चाकरमान्यांनो, तुमचे फ्लॅट तुम्हाला लखलाभ, पण त्या झऱ्याचं पाणी तुम्ही प्यायलेले आहात, हे मला माहीत आहे. एक कोरा कागद घ्या. कुठल्या वर्षी, कुठल्या महिन्यात, किती पाणी पाहिलं, ते तुमच्या अक्षरात लिहा, खाली सही करा आणि महिना संपायच्या आत बोर्ली पंचतनच्या मिनीडोर स्टँडवर हर्षदच्या नावाने पाठवा. आणि तुम्ही आमच्या गावचे नसाल, पण असं कुणी तुमच्या चाळीत, ऑफिसात, शेजारात असेल, तर हे पान आजच त्यांच्या हातात द्या आणि ते लिहून होईपर्यंत त्यांच्याजवळ बसा.