शंभराला सतरा कमी

माझा मामा माणूस म्हणून वाईट नव्हता, पण त्याच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. "बरा आहेस का?" विचारलं की म्हणायचा, "साधारण." म्हणून आम्ही सगळी भावंडं त्याला सरासरीमामा म्हणायचो. तोंडावर म्हटलं तरी त्याला राग येत नसे. आला असेल तर कळला कोणाला?

तो एका प्रयोगशाळेत आकडेमोड करायचा. दुसऱ्याच्या मनातलं ओळखतो म्हणणाऱ्या लोकांची तिथे परीक्षा व्हायची. पंचवीस पत्त्यांचा गठ्ठा, पाच खुणा: वर्तुळ, फुली, लाटा, चौकोन, तारा. एकजण बाहेरच्या खोलीत पत्ता बघणार आणि आतल्या खोलीतल्याने ती खूण ओळखून कागदावर लिहायची. पंचवीस पत्त्यांचा एक डाव. काहीएक कळत नसलं तरी त्यात पाचेक बरोबर येतातच. त्याच्या वर किती आले, आणि तेवढे निव्वळ नशिबाने येऊ शकतात का, हे सांगायचं काम मामाचं. एकतीस वर्षं त्याचं उत्तर बहुतेक एकच होतं: "येऊ शकतात."

त्याला लबाड लोकांपेक्षा उतावळ्यांचा जास्त वैताग. चार डाव चांगले गेले की लोक खूश होऊन उठायचे, वाईट गेले की "आणखी एक" म्हणत चिकटून बसायचे. अशाने कोणीही मनकवडा ठरेल. म्हणून मामाचा नियम: डाव किती ते आधी लिहायचं, आणि तेवढे झाल्याशिवाय पाकिटं फोडायची नाहीत. दुसरा नियम: रिकामी जागा म्हणजे चूक. खात्री असेल तेवढंच लिहायचं, ही पळवाट त्याला चालायची नाही.

मामी याच्या अगदी उलट. बोलून बोलून घर डोक्यावर घ्यायची. मूलबाळ नाही, त्यामुळे ऐकायला एकटा मामा. एकदा मी तिला विचारलं, "मामी, हा माणूस तीस वर्षांत तुझ्याशी एक गोड शब्द तरी बोललाय का गं?"

ती हसली. "बोलायला कशाला हवं? त्याच्या मनातलं मला सगळं कळतं."

मामा पेपर वाचत होता. पेपर खाली ठेवून म्हणाला, "तपासून बघू."

बायको इतकं बोलली आणि याला सुचलं काय, तर पत्ते. माझं डोकंच फिरलं. मामीला मात्र गंमत वाटली. शंभर डाव ठरले. रोज संध्याकाळी सहाला चहा झाला की मामा बाहेरच्या टेबलाशी बसायचा, पत्ता उलटायचा, आपल्या यादीत टिपायचा आणि टेबलावरची घंटी दाबायचा. आत मामी खूण लिहायची. पंचवीस झाले की कागद पाकिटात, पाकीट कपाटात.

त्र्याऐंशी डाव झाले आणि मामी गेली. कपडे वाळत घालता घालता कोसळली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. लोक भेटायला आले, त्यांना मामा "बसा" म्हणाला. निघाले तेव्हा "या" म्हणाला. डोळ्यांतून टिपूस नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी हळूच विचारलं, ती पाकिटं आता उघडायची का. मामा म्हणाला, "शंभर ठरलेत."

दीड महिन्याने त्याचा फोन. "रविवारी ये. मोजायला दुसरं माणूस लागतं."

मी औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असते, आठवड्याची एकच सुट्टी. धुसफुसत दोन बस बदलून गेले. मामाने त्याची यादी वाचायची, मामीच्या कागदावर मी बरोबरच्या खुणांना टिक करायची. त्र्याऐंशी पाकिटांना चार वाजले. बेरीज पाचशे. नशिबाने चारशे पंधरा यायला हवे होते.

मामाने हिशोब केला, पुसला, परत केला. "नशिबाने इतके यायचे नाहीत," तो म्हणाला. "लाखात एकदासुद्धा नाहीत."

मला भरून आलं. म्हणजे तिला कळत होतं. हा जे जे बोलला नाही, ते तिच्यापर्यंत पोचत होतं.

मग मामाने कपाटातून आणखी सतरा पाकिटं काढली. मी एक फोडलं. आत कोरा कागद. दुसरं फोडलं, तेही कोरं. वर तारखा होत्या, मामी गेल्यानंतरच्या.

"हे काय?"

"मी पत्ते बघितले. घंटी दाबली. आत टेबलावर कागद ठेवला होता."

सतरा संध्याकाळी हा माणूस रिकाम्या खोलीकडे बघत घंटी वाजवत बसला होता. आता त्याने खाली शांतपणे लिहिलं: डाव शंभर, अपेक्षित पाचशे, आले पाचशे. विशेष काही आढळलं नाही.

मग मात्र माझा तोल गेला. "मेलेल्या बाईला शून्य देतोस? तिचे पंच्याऐंशी जास्तीचे होते, ते खाऊन टाकलेस. मामी काय गुण चांगले आले म्हणून उठून गेली का रे? तिला गुण माहीत तरी होते? मग त्र्याऐंशीवर हिशोब करायला काय हरकत होती?"

"काही नाही," मामा म्हणाला. "दुसऱ्या कोणाचं असतं तर मीही तेच सांगितलं असतं."

"मग?"

"मग मला त्याच दिवशी थांबावं लागलं असतं." तो टेबलावरची पाकिटं सारखी करत राहिला. "सहा वाजायचे. सहानंतर काय करायचं ते मला माहीत नव्हतं." मग म्हणाला, "सतरा डावांत परक्या माणसाचेही पंच्याऐंशी येतात गं. आत माणूस असला तर शून्य कोणाचेच येत नाहीत."

हे बोलताना त्याचा आवाज कापला. एवढ्या वर्षांत मी तो तसा पहिल्यांदा ऐकला, आणि मला माझीच लाज वाटली.

मी उठले, आत जाऊन मामीच्या खुर्चीत बसले आणि एक कागद पुढ्यात ओढला. "पिस पत्ते," मी ओरडून सांगितलं.

बाहेरून त्याने विचारलं, "किती डाव? आधी सांग. नंतर बदलता येणार नाही."

दोन बस, एकच सुट्टी, घरी धुण्याचा ढीग. एक, असं ओठांवर आलं होतं.

"शंभर," मी म्हणाले.

पत्ते पिसल्याचा आवाज आला आणि मग घंटी वाजली. मला डोंबलाचं काही कळलं नाही. मी फुली लिहिली. पुन्हा घंटी, मी तारा लिहिला. एकही जागा रिकामी सोडली नाही.