तिखटाचं घराणं

सहासष्ट साली मी नऊ वर्षांचा होतो, आणि आमच्या घरी जेवताना सगळ्यांची नाकं गळायची. आईचं कालवण लालभडक असायचं. कुणी पाण्याचा तांब्या ओढला, की आमचे वडील, आबा, मिशीवर हात फिरवून म्हणायचे, "रडतोस काय? आपलं तिखटाचं घराणं आहे." मग मी छाती काढून पुढचा घास घ्यायचो.

परवा थोरली बहीण आक्का आली होती. जेवताना तिच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब चमकला, आणि मला ते सगळं ताट आठवलं. सुनेला मी ऐकवलं, "बघ, तिखटाचं घराणं!"

आक्का हसायला लागली. "कसलं घराणं, येड्या? डाळ मूठभर आणि खाणारी सात तोंडं. तिखट असलं की भाकरी नुसती टेकवायची. पळीभर कालवणात अख्खी भाकरी सरायची."

घास हातातच राहिला. जन्मभर ज्याच्यावर मिरवलो, ती गरिबी होती म्हणायची. आधी रागच आला. मग वाटलं, मिरची आईनं वाढवली आणि तिला मान आबांनी दिला. उणं होतं ते ताटात होतं; आमच्या मनात ते त्या दोघांनी कधी शिरू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून मिरच्या निवडत होती. "मामंजी, तुमच्यापुरतं तिखट बेतानं करू का?" तिनं विचारलं. मी शेजारी बसलो, आणि देठं खुडून ओंजळभर मिरच्या तिच्यापुढं ठेवल्या.