मुख्याध्यापकांच्या घरी

मी सोलापुरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो. फळ्यावर एका झटक्यात काढलेलं माझं वर्तुळ बघायला दुसऱ्या वर्गातली मुलं दारात गोळा व्हायची. मग उजवा हात थरथरू लागला. मुख्याध्यापकांनी मला काही न विचारता सगळ्या शिक्षकांसमोर मेमो वाचला, 'आपण मद्यपान करून वर्गात येता.' मी आयुष्यात थेंबही घेतलेला नव्हता. महिन्याभरात पार्किन्सनचं निदान झालं. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली तर मुख्याध्यापक म्हणाले, "असले कागद कुणीही आणतो." मी नोकरी सोडली.

गोळ्यांवर पाच-सहा वर्षं बरी गेली. नंतर त्यांचा असर दोन तासांत उतरू लागला. उतरला की पाय जमिनीला चिकटायचे आणि चढला की सगळं अंग आपोआप डुलायचं. रस्त्यात कुणीतरी म्हणायचं, "मास्तर लई घेतात की." दरवेळी मला मुख्याध्यापकांचाच चेहरा दिसायचा.

शेवटी पुण्यात मेंदूची शस्त्रक्रिया झाली. डोकं चौकटीत आवळलेलं आणि मी जागा. डॉक्टरांनी मेंदूत सोडलेल्या तारेतून बारीक करंट दिला आणि हात थांबला. "काहीतरी लिहा," ते म्हणाले. मी मेमोतलं वाक्य लिहिलं.

"हे काय?"

"एकाला द्यायचंय."

त्या तारेला करंट पुरवणारी बॅटरी छातीत बसली. काही महिन्यांत करंट नीट जुळला, गोळ्या निम्म्यावर आल्या. मग मी रिक्षा करून मुख्याध्यापकांच्या घरी गेलो.

ते खुर्चीत बसले होते. आता खूप थकलेले. शेजारी सून, नात अभ्यास करत होती. मी नातीची वही मागून घेतली, छापल्यासारख्या अक्षरांत ते वाक्य लिहिलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"वाचा."

"मास्तर, जुन्या गोष्टी कशाला आता..."

"मोठ्याने वाचा. त्या दिवशी वाचलं होतंत तसं."

त्यांनी वाचलं. सुनेने विचारलं, "कुणाबद्दल आहे हे?" मीच सांगितलं. काही गाळलं नाही. नात आजोबांकडे बघत राहिली.

"चुकलं माझं," ते पुटपुटले.

"हो, चुकलं," मी म्हणालो आणि उठलो.

घरी बायको म्हणाली, "त्या पोरीसमोर नको होतं." तिचं बरोबर असेल. पण त्यानंतर कितीतरी दिवस मला जेवण गोड लागत होतं.